पार्श्वभूमी : भाषण पक्षाचे, कात्री कोणाची?

मे 2024 मध्ये, लोकसभेचा प्रचार ऐन रंगात असताना, दोन डाव्या पक्षांच्या नेत्यांना आकाशवाणी-दूरदर्शनवरच्या आपल्या भाषणांतले काही शब्द गाळावे लागले. एकाच्या इंग्रजी मजकुरातून ‘धर्मांध हुकूमशाही राजवट’ आणि ‘जुलमी कायदे’ अशा अर्थाचे शब्दप्रयोग गेले आणि ‘दिवाळखोरी’च्या जागी ‘अपयश’ आले. दुसऱ्याला कोलकात्यात नागरिकत्व कायद्याबद्दल बोलताना ‘मुस्लिम’ हा शब्द उच्चारू दिला गेला नाही. पहिल्या नेत्याची तक्रार अशी की, त्याच भाषणाच्या हिंदी भाषांतराला कोणीच हरकत घेतली नव्हती. प्रसारणसंस्थेकडून उत्तर आले ते असे : निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे सर्वांचेच मजकूर तपासले जातात, मुख्यमंत्र्यांच्या मजकुरातही दुरुस्त्या झाल्या आहेत.

उत्तर नियमाला धरून होते. पण तो नियम आला कुठून, हे पाहिल्याशिवाय वादाचे मूळ कळत नाही.

1967 साली अनेक राज्यांत प्रथमच बिगर-काँग्रेस सरकारे आली आणि त्यांचे मंत्री आकाशवाणीवरून केंद्रावर टीका करू लागले, तेव्हा दिल्ली अडचणीत सापडली. माइक केंद्राचा, वक्ता विरोधकांचा. त्यातून आकाशवाणीची आचारसंहिता आली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म वा जमातींवर हल्ला नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, राष्ट्रपती, राज्यपाल व न्यायसंस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नकोत. इथवर कोणाचे भांडण नसावे. पुढची दोन कलमे मात्र खास होती : कोणत्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, आणि केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाने टीका नको. आता सरकारवरची टीका वैरभावाची की साधी, हे ठरवणार सरकारच्याच खात्यातला अधिकारी!

आणीबाणीत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर, 1977 साली, पक्षांना निवडणुकीत आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळ देण्याची पद्धत सुरू झाली आणि जानेवारी 1998 च्या योजनेने तिला आजचे रूप आले. विधानसभेसाठी प्रत्येक मान्यताप्राप्त राष्ट्रीय वा राज्य पक्षाला प्रादेशिक केंद्रावर किमान 45 मिनिटे मिळतात. त्यावरचा जादा वेळ मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीवर ठरतो. एका बैठकीत 15 मिनिटांहून जास्त नाही. दिवस आणि वेळ पक्षप्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून. अपक्षाला काहीच नाही. वेळेच्या बाबतीत ही व्यवस्था इतकी काटेकोर आहे की खासगी वाहिन्यांनी तिच्याकडून शिकावे. पण भाषणाचा मजकूर आधी सादर करावा लागतो, आणि तो तपासायची कलमे जवळपास तीच, साठच्या दशकातली. सरकारवरच्या टीकेचे कलम गेले, व्यक्तीचे नाव घेऊन टीका करायची नाही हे आले. ‘धर्म वा जमातींवर हल्ला’ मात्र जसेच्या तसे राहिले. एखाद्या कायद्यात एका धर्माच्या लोकांना वगळले आहे असे म्हणणे हा त्या धर्मावरचा हल्ला कसा ठरतो, याचा उलगडा 2024 मध्येही झाला नाही.

दरम्यान आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही संस्था स्वायत्त झाली होती, निदान कागदावर. 1978 च्या एका समितीने घटनेचे संरक्षण असलेला विश्वस्त न्यास सुचवला होता. 1979 चे विधेयक त्याहून बरेच नरम होते, आणि तेही लोकसभा बरखास्त झाल्याने बुडाले. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, अंमल 1997 चा. सात वर्षे तो नुसता पडून होता.

या कायद्यातली दोन कलमे एकत्र वाचावीत. कलम 13 प्रमाणे 22 खासदारांची समिती (लोकसभेचे 15, राज्यसभेचे 7) संस्थेवर देखरेख ठेवणार. ती नेमा, अशी शिफारस 2014 च्या एका तज्ज्ञ समितीलाही करावी लागली. कलम 23 सरकारला निर्देश देण्याचा अधिकार देते, आणि चर्चा बहुधा यावरच घसरते. माझ्या मते ते कलम वाटते तितके घातक नाही. सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा मोजक्या कारणांसाठीच निर्देश देता येतो. कार्यक्रम सरकारच्या सांगण्यावरून प्रसारित होतो आहे, हे संस्था श्रोत्यांना सांगू शकते. निर्देशाची प्रत संसदेपुढे ठेवावी लागते. म्हणजे हस्तक्षेप करा, पण सही करून करा. फोनवरून सांगितलेल्या गोष्टीची अशी प्रत निघत नाही आणि अधिकाऱ्याने स्वतःच आधी ओळखून चालवलेल्या कात्रीची तर नाहीच.

गेल्या दशकातले वाद याच पोकळीतले आहेत. एप्रिल 2014 मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षाच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवाराची दूरदर्शनवरची मुलाखत काटछाट होऊन दिसली. महिन्याभरात सत्ता फिरली आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, दसऱ्याला, नागपूरच्या मेळाव्यातले सरसंघचालकांचे भाषण दूरदर्शनने प्रथमच थेट दाखवले. बातमीमूल्य होते, असा खुलासा झाला. बातमीमूल्य नक्कीच होते. पण बातमीपत्रात दोन मिनिटे देणे वेगळे आणि संपूर्ण भाषण थेट दाखवणे वेगळे. आदल्या वर्षांत त्याच मैदानावरच्या त्याच भाषणात ते मूल्य का दिसले नव्हते, हे कोणी सांगितले नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये त्रिपुराच्या मुख्यमंत्र्यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण ध्वनिमुद्रित होऊन तयार होते. प्रसंगाचे गांभीर्य आणि देशवासीयांच्या भावनांना साजेसे बदल केल्याशिवाय ते प्रसारित होणार नाही, असे पत्र त्यांना गेले. त्यांनी एकही शब्द बदलायला नकार दिला आणि भाषण प्रसारित झाले नाही. पत्र आकाशवाणीच्या आगरताळा केंद्रातून निघाले होते, तो केंद्र सरकारचा निर्देश नव्हता. त्यामुळे त्याची प्रत संसदेपुढे ठेवायचा प्रश्नच आला नाही.