जठरातील पॉलिप

जठराच्या अस्तरातून आतल्या पोकळीत वाढलेल्या गाठीला पॉलिप म्हणतात. ती देठाची असते किंवा बसकी. बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. जळजळ किंवा कमी हिमोग्लोबिन म्हणून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, केली की ती सापडते. रिपोर्टात ‘पॉलिप’ वाचून माणूस धसका घेतो, पण गाठीचा प्रकार कळेपर्यंत धोक्याविषयी बोलण्यात अर्थ नाही.

फंडिक ग्रंथी पॉलिप जठराच्या वरच्या व मधल्या भागात येतात. बारीक, बहुधा एकापेक्षा जास्त. गोव्यात ‘गॅसची गोळी’ म्हणून फार्मसीतून आणलेले पँटोप्राझोल वर्षानुवर्षे घेणारे पुष्कळ. असे पॉलिप त्यांच्यात अधिक दिसतात. कर्करोगाचा धोका नगण्य. मात्र तरुण वयात डझनांनी गाठी दिसल्या तर आनुवंशिक विकाराची शंका घेऊन मोठे आतडेही तपासावे.

हायपरप्लास्टिक पॉलिप अस्तराच्या जुनाट सुजेतून येतात, अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूमुळे. धोका थोडा, पण १ सेंमीच्या पुढे वाढतो. तेव्हा गाठ काढतात. जिवाणूवरचा औषधांचा कोर्स पुरा केला तर लहान गाठी बऱ्याचदा विरतात. फसगत होते ती तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) घेताना. नुसता गाठीचा शेंडा खुडला आणि भोवतालचे अस्तर सोडले, तर मूळ आजार निसटतो. कर्करोग जुनाट सुजेने झिजलेल्या त्या अस्तरातही उगवू शकतो. म्हणून जठराच्या खालच्या व मधल्या भागातले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवावे. जिवाणूच्या तपासणीआधी पँटोप्राझोलसारख्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद नसतील, तर जिवाणू असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. गोळी बंद करणे डॉक्टरांना विचारूनच.

ॲडेनोमा तुलनेने विरळ, पण खरी काळजी त्याचीच. त्यातल्या पेशी आधीच बिघडलेल्या असतात आणि २ सेंमीहून मोठ्या गाठीत कर्करोग दडलेला असण्याची शक्यता बरीच असते. आकार कितीही असो, तो मुळापासून काढतात: बुडात सलाइन टोचून गाठ उचलायची, तारेचा फास आवळून कापायची. साधारण वर्षभराने पुन्हा एंडोस्कोपी.

तपासणीआधी ६ ते ८ तास पोट रिकामे हवे. सकाळची पेजही नको, शिते अस्तर झाकून टाकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कल्पना आधीच द्यावी. काणकोण-पेडण्याहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येणाऱ्यांनी एंडोस्कोपीचे जुने फोटो आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सोबत आणावा. गाठ काढल्यानंतर शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा रक्ताची उलटी आली, तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे.