रक्तातला पाटकरी

सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींना विळ्यासारखं वाकवणारा वारशाचा आजार, घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने अगदी धडधाकट असतं. दूध पितं, वजन धरतं, हसतं. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर कधीतरी त्याचे हात-पाय सुजतात, ते कळवळून रडतं, अंगावर पांढुरकी छटा येते. दात येत असतील म्हणून घरचे थोडं थांबतात. दवाखान्यात गेल्यावर कळतं की आजार जन्मापासूनच, खरं तर गर्भधारणेपासूनच होता.

गावपातळीवर सिकलसेलसाठी जी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात (नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचं आणि ते गढूळ होतं का बघायचं), तीही इतक्या लहान बाळात फसू शकते. द्रावण स्वच्छ राहतं आणि बाळ निरोगी असल्याचा समज होतो. म्हणजे सदोष जनुक अंगात असूनही बाळाच्या रक्तात असं काहीतरी असतं, जे आजारालाही अडवतं आणि चाचणीलाही चकवतं.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या. 1948 मध्ये त्यांनी मांडलं की नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी दिसतात, कारण त्यांचं हिमोग्लोबिन (लाल पेशीतलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन) वेगळं असतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन त्यांना वाचवत असावं. त्या वेळी डीएनएची रचनासुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. या एका निरीक्षणातून जनुकात बदल करणाऱ्या उपचारापर्यंत पोचायला पंचाहत्तर वर्षं लागली.

आधी आजाराकडे पाहू. 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1949 मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे दोष थेट रेणूतच आहे. तो दोष नेमका कुठला, हे व्हर्नन इनग्राम यांनी केंब्रिजमध्ये 1956-57 च्या सुमारास शोधलं. त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते कागदावर पसरवले आणि निरोगी व आजारी नमुन्यांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सगळे ठिपके जुळले, एक सोडून. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांपैकी) सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं होतं. जनुकाच्या भाषेत बोलायचं तर डीएनएतल्या ‘ए’ या एका अक्षराच्या जागी ‘टी’ आलं होतं. बस, एवढंच.

एका अक्षरानं एवढा अनर्थ होतो, कारण व्हॅलिन तेलकट स्वभावाचं आहे, पाण्याशी त्याचं पटत नाही. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या एका खोबणीत जाऊन अडकतं, त्याला पुढचा रेणू चिकटतो, आणि बघता बघता चौदा पदरांचा ताठ दोर तयार होतो. पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एरवी 120 दिवस जगणारी लाल पेशी 10 ते 20 दिवसांत संपते. वेदना आणि रक्तक्षय, दोन्ही यातूनच येतात.

वारशाचा भाग पुस्तकात सोपा वाटतो. प्रत्येकाकडे बीटा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. विदर्भात, नंदुरबारकडे आरोग्यसेविका याला सरळ ‘पॅटर्न’ म्हणतात. दोन्ही प्रती ठीक असतील तर एए पॅटर्न, एक सदोष असेल तर एएस म्हणजे वाहक, दोन्ही सदोष असतील तर एसएस म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. उलट फाल्सिपॅरम या मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहण्याचं कारण तेच.

घोळ होतो तो पुढे. दोघंही एएस असलेल्या जोडप्याला सांगितलं जातं, ‘चारात एक मूल एसएस होण्याची शक्यता.’ ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असा उतरतो की पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे आपल्या वाट्याचं झालं, पुढची तिघं सुटली. जनुकांकडे अशी हिशेबाची वही नसते. प्रत्येक गर्भधारणेत नाणी नव्यानं उडतात, मागच्या वेळी काय पडलं याची त्यांना खबर नसते. चारही मुलं एसएस होण्याची शक्यता 256 मध्ये 1, आणि चौघांपैकी एकही एसएस नसण्याची 256 मध्ये 81, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या जरा आत. ‘चारात एक’ हे वाक्य समुपदेशनात फार सैलपणे वापरलं जातं असं माझं मत आहे. ‘दर खेपेला चारात एक’ असं म्हटलं तर निम्मा गैरसमज तिथेच टळेल.

पण वारशाच्या या गणितात जॅनेट वॉटसन यांच्या बाळांचं उत्तर नाही. सदोष जनुक पहिल्या दिवसापासून आहे, मग आजार सहा महिने उशिरा का? कारण जनुक असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. दोन अल्फा, त्यांचं जनुक 16 व्या गुणसूत्रावर. उरलेल्या दोन साखळ्या वयानुसार बदलतात आणि त्यांची जनुकं 11 व्या गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली आहेत: एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. गंमत अशी की ज्या क्रमानं ती बसली आहेत, साधारण त्याच क्रमानं आयुष्यात त्यांची पाळी येते. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन चालतं. मग गॅमा सुरू होतं आणि गर्भाचं हिमोग्लोबिन बनू लागतं. त्याची ऑक्सिजनवरची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते, म्हणून नाळेतून बाळाला ऑक्सिजन ओढून घेता येतो. जन्माच्या सुमारास गॅमा मंदावतं आणि बीटाचा जोर वाढतो. डेल्टाचं उत्पादन आयुष्यभर किरकोळच राहतं. मोठ्या माणसाच्या रक्तात गर्भाचं हिमोग्लोबिन साधारण 1 टक्का किंवा त्याहून कमी उरतं.

सिकलसेलचा दोष बीटात आहे. बाळाचं रक्त गॅमावर चालतं तोवर तो दोष दडून राहतो. शिवाय गॅमा असलेला रेणू त्या चौदा पदरी दोरात नीट गुंफला जात नाही, मध्येच वीण तोडतो. वॉटसन यांचा अंदाज बरोबर होता.

आता ही पाळी ठरवतं कोण? या पाच जनुकांच्या अलीकडे डीएनएचा एक पट्टा आहे. त्यातून कुठलंच प्रथिन बनत नाही. 1987 मध्ये फ्रँक ग्रोसवेल्ड यांच्या गटानं दाखवलं की तो पट्टा नसेल तर ग्लोबिनची जनुकं पुरेशी चालतच नाहीत. डीएनए वळसा घालून वाकतो आणि हा पट्टा ज्या जनुकाजवळ येतो, ते जोरात चालू लागतं. कालव्यावरची पाणीपाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. पाणी एकच, चाऱ्या पाच. आज या चारीला सुटलं तर त्या चारीला थेंब थेंब. आणि पाणीपाळी म्हटली की दारं उघडणारा-बंद करणारा पाटकरी आलाच. गॅमाच्या चारीचं दार बंद करणारा पाटकरी कोण, हा प्रश्न कित्येक दशकं अनुत्तरित होता.

तो सापडला निरोगी माणसांमुळे. काही मोठ्या माणसांत गर्भाचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. यातून दोन गोष्टी कळल्या: गॅमा आयुष्यभर चालू राहिलं तरी बिघडत नाही, आणि कुणाचं किती चालू राहतं हे वारशानं येतं. मग शेकडो-हजारो लोकांच्या डीएनएतली अक्षरं त्यांच्या हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी ताडून पाहण्यात आली. 2007 मध्ये लंडनमध्ये स्वी ले थाइन यांच्या गटाला आणि 2008 मध्ये सार्डिनिया बेटावरच्या अभ्यासात एकच खूण मिळाली. ती खूण 11 व्या गुणसूत्रावर नव्हतीच, 2 क्रमांकाच्या गुणसूत्रावर होती, बीसीएल11ए नावाच्या जनुकात. हे नाव पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावरून पडलेलं. ज्याला जिथे जे आधी सापडतं त्यावरून नाव पडतं आणि मग तेच चिकटून राहतं. या नावावरून त्याचा लाल पेशींशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

2008 मध्येच बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तपेशींत बीसीएल11ए कमी करून पाहिलं, तर गर्भाचं हिमोग्लोबिन वाढलं. 2011 मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या लाल पेशींमधून ते पूर्ण काढलं, तर उंदरांचा आजार ओसरला. बीटामधलं चुकीचं अक्षर तसंच ठेवून. पाटकरी हाच.

त्याला सरसकट हाकलून मात्र देता येत नाही. बीसीएल11ए मेंदूच्या वाढीतही लागतं, पांढऱ्या पेशी घडवतानाही लागतं. इथे मला या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा दुवा दिसतो. 2013 मध्ये डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांच्या गटानं दाखवलं की बीसीएल11एच्या आतच डीएनएचा एक छोटा भाग आहे, जो हे जनुक फक्त लाल पेशींच्या वंशात चालू ठेवतो. ज्या लोकांत गर्भाचं हिमोग्लोबिन निसर्गतःच जास्त होतं, त्यांच्यातला फरक या भागातच होता. प्रथिनाला कुठेही धक्का नाही, फक्त लाल पेशींपुरतं बटण किंचित ढिलं. शास्त्रज्ञांनी नेम धरायची जागा त्या निरोगी माणसांच्या वारशानं आधीच दाखवून ठेवली होती.

पुढचं काम क्रिस्परनं केलं. जिवाणू विषाणूंना ओळखून त्यांचा डीएनए कापतात, ती ही कात्री. तिला हव्या त्या जागी कसं नेता येईल हे इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी 2012 मध्ये मांडलं आणि 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत बीसीएल11एच्या त्या छोट्या भागावर छेद द्यायचा, तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची आणि कापलेल्या पेशी परत सोडायच्या. 2019 मध्ये मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांनी अमेरिकेत सिकलसेलसाठी हा उपचार सर्वप्रथम घेतला. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं ‘कॅसजेव्ही’ या नावानं त्याला मंजुरी दिली. अमेरिकी मंजुरीच्या वेळी ज्या 31 रुग्णांची माहिती तपासली गेली, त्यांतल्या 29 जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मंजुरीच्या वेळची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हा अठरा कोटी रुपयांच्या घरात. गडचिरोलीतल्या कुटुंबाला हा आकडा सांगण्यातही अर्थ नाही.

तिथल्या कुटुंबासाठी याच चारीवर काम करणारं एक स्वस्त औषध आहे, हायड्रॉक्सियुरिया. कर्करोगावरच्या या जुन्या गोळीनं गर्भाचं हिमोग्लोबिन वाढतं आणि वेदनेचे झटके कमी होतात, हे 1995 च्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झालं. गोळी रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. क्रिस्परच्या बातम्यांत ही गोळी झाकोळून जाते याचं मला वाईट वाटतं.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं, 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडच्या रुग्णांच्या सदोष बीटाच्या आसपासचा डीएनए आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा वेगळा आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. त्यात एका गॅमा जनुकाच्या 158 अक्षरं अलीकडे एक अक्षर बदललेलं आहे आणि त्याच्यासोबत गर्भाचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त राहतं. म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य, असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. नागपूरकडच्या डॉक्टरांना मात्र गंभीर रुग्ण पुष्कळ भेटत राहिले. चारीला पाणी सरासरी किती सुटतं यापेक्षा ते प्रत्येक वाफ्यात पोचतं का हे महत्त्वाचं. काही पेशींत गॅमा भरपूर आणि काहींत नावालाही नाही, असं असेल तर कोरड्या राहिलेल्या पेशी वाकतातच.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 2047 पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन करायचं उद्दिष्ट आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य सुरुवातीला ठरलं. उद्या अठरा कोटींचा उपचार अठरा हजारांत आला, तरी ही तपासणी थांबवता येणार नाही. क्रिस्परची कात्री लागते ती फक्त अस्थिमज्जेतल्या पेशींना. बरी झालेली एसएस पॅटर्नची बाई आई होते तेव्हा तिच्या बीजांडात सदोष बीटा जसाच्या तसा असतो. नवराही एएस निघाला, तर त्यांच्या मुलाला एसएस होण्याची शक्यता दर खेपेला दोनात एक. आणि आईच्या रक्तात निकामी केलेला तो पाटकरी बाळाकडे शाबूत आलेला असतो. सहा महिन्यांच्या आत तो आपल्या वेळेला गॅमाचं दार लावायला घेतो.