बिझनेस स्कूलची मुलाखत: बोलावणं आल्यावर माणसं अडतात ती इथे

मुलाखतीचं बोलावणं आलं की बहुतेक जण "स्वतःबद्दल सांगा"चं उत्तर घोकायला बसतात. घोका. पण बोलावणं येऊनही नकार पदरात पडलेले जे अर्जदार मी पाहिले, त्यांतले बरेच उत्तराला नव्हे, आपल्याच अर्जाला अडखळले होते.

आधी पात्रता. मुलाखतीसाठी वेगळा अर्ज बहुतेक ठिकाणी नसतो. मूळ अर्ज वाचून संस्थाच बोलावते. जीमॅट आणि जीआरई या प्रवेशपरीक्षांचे गुण ५ वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे २. सगळेच गुण ५ वर्षं चालतात असं धरून चालणारे दर हंगामात भेटतात.

आता खरी मेख. समोर बसणाऱ्याने तुमचा अर्ज वाचलाय की नाही, हे आधी शोधा. हार्वर्डला प्रवेश विभागातली व्यक्ती अख्खा अर्ज वाचून येते आणि वेळ असतो ३० मिनिटं. तिथे अर्जासोबत दिलेले निबंधच पुन्हा म्हणून दाखवलात तर ती मिनिटं पाण्यात. स्टॅनफर्डला बहुधा माजी विद्यार्थी मुलाखत घेतात आणि त्यांच्या हातात फक्त रेझ्युमे असतो. त्यांच्यापुढे "निबंधात लिहिल्याप्रमाणे" म्हणालात तर ते बिचारे कोऱ्या चेहऱ्याने बघत राहतात. व्हार्टनला (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची बिझनेस स्कूल) ३५ मिनिटांची गटचर्चा आणि मग १० मिनिटं एकट्याशी बोलणं. चर्चेत सगळ्यांना गप्प करणं म्हणजे नेतृत्व, हा समज कुठून आला देव जाणे.

बोलावण्यातली आणखी एक अट नीट वाचली जात नाही. मुलाखत झाल्यावर लेखी टिपण मागितलंय का, ते पाहा. ते आधीच लिहून ठेवणारे महाभाग आहेत. मुलाखतीत काय बोलणं झालं त्याचा त्यात मागमूस नसतो, आणि हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

वेळेचा घोळ तर विचारू नका. दिलेली वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते पाहा. अमेरिकेत घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अर्जांच्या पहिल्या फेरीच्या मुलाखती नेमक्या याच सुमाराला असतात. मधल्या त्या दिवसांत न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर ५ तासांवरून ४ वर येतं. पाठ असलेल्या हिशेबावर विसंबलेला माणूस तासभर उशिरा, नाहीतर तासभर लवकर हजर होतो. संस्था हे ठळक का छापत नाहीत, कोण जाणे.

कागदपत्रं. मुलाखतीला सहसा ओळखपत्र आणि रेझ्युमे पुरतो. त्यात विशेष काही नाही. पण रेझ्युमेवरच्या तारखा आणि पदं आत्ताच तपासा, कारण प्रवेश मिळाल्यावर अनेक संस्था पडताळणी करतात आणि विसंगती सापडली तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात. इथे हमखास नसणारा कागद म्हणजे बंद पडलेल्या कंपनीचं अनुभवपत्र. ते आता कोण देणार? नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, करभरणीचे कागद, पगार जमा झाल्याची बँकेतली नोंद, जे हाती लागेल ते जमवा आणि परिस्थिती संस्थेला आपणहून लिहून कळवा. त्यांनी विचारल्यावर सांगितलं की तेच खरं कारण सबबीसारखं दिसतं.

नाव पासपोर्टवर एक आणि पदवीवर दुसरं असेल तर तेही आधीच कळवून टाका. आडनाव बदललेल्यांना हा त्रास फार होतो. गुणपत्रिकेचं म्हणाल तर अर्जाला बऱ्याच ठिकाणी तुम्ही चढवलेली प्रत चालते, मूळ प्रत प्रवेशानंतर विद्यापीठाकडून मागवतात. ती बंद पाकिटात तुमच्या हाती आली, तर पाकीट फोडू नका. आत काय आहे ते बघायचा मोह होतो, मान्य. पण फोडलेलं पाकीट सहसा स्वीकारत नाहीत, आणि विद्यापीठाकडून दुसरं मिळवायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून रांग.