बॅटरी भरणं वेगळं, बॅटरी टिकवणं वेगळं

गाडी महिन्यातून एखाद-दोनदाच बाहेर निघते, उभी असते तिथे प्लग नाही आणि दर वेळी सेल्फ मारला की नुसती टिकटिक ऐकू येते. असं कुणी सांगितलं की लगेच सल्ला मिळतो, ‘डॅशबोर्डवर एक छोटा सोलर चार्जर ठेव.’ माणूस तो घेतो, ठेवतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच टिकटिक. मग सोलर बोगस ठरतं, नाहीतर बॅटरी. खरा घोळ ‘चार्जर’ या शब्दात आहे. ती छोटी पट्टी चार्जर नव्हेच. भरलेली बॅटरी भरलेली राहावी म्हणून असलेली ती वस्तू आहे, आणि तेवढ्यालाही ती बऱ्याचदा पुरत नाही.

प्लगवरचा चार्जर तुम्हाला माहीत आहे. रात्रभर चार-पाच अँपिअर देतो, व्होल्टेज १४.४ च्या आसपास नेतो, सकाळी बॅटरी भरलेली असते. हे झालं भरणं. टिकवायला इतकं काही लागत नाही. १३.५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवायचं आणि रोज जेवढं गळतं तेवढंच परत द्यायचं.

पण रोज गळतं किती, हे कुणी मोजतच नाही. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक आणि आतले कंप्युटर जागे असतात. आजच्या साध्या गाडीत ही गळती साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असते. ३० धरा. चोवीस तासांत ०.७२ अँपिअर-तास (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर तीन आठवड्यांत तिचा एक तृतीयांश भाग गेला, दोन महिन्यांत जवळजवळ सगळी.

आता ५ वॉटचं पॅनल घ्या. थेट उन्हात, नीट तोंड करून ठेवलं तर त्यातून पाव अँपिअरच्या थोडा वर करंट येतो. दिवसात चार तास कडक ऊन मिळालं तर साधारण १.१ अँपिअर-तास, म्हणजे गळती भरून थोडं उरतं. तेच पॅनल काचेआड, डॅशबोर्डवर आडवं पडलं की निम्मंही हाती लागत नाही. दीड वॉटच्या पट्टीचं तर बोलूच नका. आणि गाडी शेडमध्ये किंवा तळघरात उभी असेल तर हा सगळा विषयच संपला.

म्हणजे अर्धी उतरलेली बॅटरी त्या पट्टीला लावली तर ती भरणार नाही, फक्त जरा सावकाश उतरेल. आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात. मग पुढे कितीही चांगला चार्जर लावला तरी गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. टिकवण्याच्या वस्तूकडून भरण्याची अपेक्षा ठेवल्याचं नुकसान हे असं होतं, दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

लोक फसतात ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पॅनलवरचा लुकलुकणारा दिवा. बऱ्याच पॅनलवर तो ऊन पडलं की आपोआप लागतो, बॅटरीत काही जातंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. पुष्कळ गाड्यांत चावी काढली की लायटरचं सॉकेट बंद होतं. पॅनलची पिन त्या मेलेल्या सॉकेटमध्ये, दिवा मात्र मजेत चालू. असं महिनोन्‌महिने चालतं. त्यामुळे पॅनलची वायर सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर घ्या, पॉझिटिव्हच्या बाजूला बॅटरीजवळच फ्यूज टाका.

दुसरं म्हणजे मीटरचं वाचन. दुपारी पॅनल जोडलेलं असताना मल्टिमीटर लावला, १२.९ दिसले, माणूस खूश. तो आकडा त्या क्षणी पॅनल रेटत असलेल्या करंटने फुगलेला असतो. पॅनल काढा, रात्रभर थांबा, आणि सकाळी दार किंवा बॉनेट उघडल्यावर गाडीचे कंप्युटर पुन्हा झोपेपर्यंत थोडा वेळ देऊन मग मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तातडीने भरायला हवी. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, पॅनल नंतर.

आता दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवणारे. हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही. उभ्या गाडीत अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, बॅटरीला उदारपणे १० अँपिअर मिळाले असं धरू. पाच मिनिटांचे झाले ०.८ अँपिअर-तास. त्यातून सेल्फला गेलेले ०.१ वजा करा. उरलं ते एका दिवसाच्या गळतीइतकं, आणि गळती झाली आहे सात दिवसांची. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. चालू करायचीच असेल तर तासभर सलग चालवून आणा.

जम्प स्टार्टर पॉवर बँक गाडी सुरू करते, बस. बॅटरी उतरलेली ती उतरलेलीच राहते.

माझं मत विचाराल तर आधी बॅटरी पूर्ण भरा. लांब फेरी मारून, किंवा सरळ बाहेर काढून प्लग आहे तिथे नेऊन. दहा-बारा किलोचं ओझं आहे, पण एकदाच उचलायचं असतं. मग टिकवण्याचा विचार. गाडी उघड्यावर असेल तर १० किंवा २० वॉटचं पॅनल काचेबाहेर, सोबत कंट्रोलर, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून व्होल्टेज आवरणारी डबी. १० वॉटपासून पुढे कंट्रोलर हवाच, कारण मोकळ्या पॅनलचं व्होल्टेज २१-२२ पर्यंत जातं आणि भरलेल्या बॅटरीतलं पाणी उडत राहतं. कंट्रोलर पीडब्ल्यूएम प्रकारचा की एमपीपीटी, पॅनल मोनो प्रकारचं की पॉली, यावर एवढ्याशा कामासाठी डोकं खपवू नका. अर्धी उतरलेली बॅटरी २० वॉटवर चांगल्या उन्हात आठवड्या-दीड आठवड्यात भरतेसुद्धा, म्हणजे इथे पॅनल खरोखर चार्जर होतं.

ऊनच नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. गाडीची गळती शून्य होते. उरते ती बॅटरीची स्वतःची झीज, महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ४५ ची बॅटरी महिन्यात २१ अँपिअर-तास गमावत होती, आता दोनेक गमावेल. एका पान्याचं काम आहे आणि डॅशबोर्डवरच्या कुठल्याही पट्टीपेक्षा मला त्याचा जास्त भरवसा वाटतो. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंग जातं, रेडिओ कोड मागू शकतो. आणि बॅटरी डिकीत असेल तर डिकीचं झाकण लावण्याआधी ते साध्या चावीने बाहेरून उघडतं ना, हे करून बघा. रिमोटवर उघडणारी डिकी करंट गेल्यावर रिमोटला दाद देत नाही, आणि तोवर टर्मिनल आत बंद झालेलं असतं.