शेतीपिकांच्या नुकसानीची शासकीय मदत आणि तिची पारदर्शकता (महाराष्ट्र)

अतिवृष्टी, पूर, गारपीट अशा आपत्तींत पिके गेल्यावर शासन शेतकऱ्याला जी रोख मदत देते, तिला शासकीय कागदपत्रांत ‘निविष्ठा अनुदान’ म्हणतात आणि गावात ‘अतिवृष्टीचे अनुदान’. पीकविम्याच्या भरपाईहून ही मदत वेगळी आहे. तिच्यासाठी हप्ता भरावा लागत नाही आणि ती सगळे नुकसान भरूनही काढत नाही; पुढील हंगामासाठी बियाणे-खत घेता यावे, एवढाच तिचा हेतू असतो. ही मदत मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दिली जाते आणि महाराष्ट्रात या निधीचा ७५ टक्के वाटा केंद्राचा, तर २५ टक्के राज्याचा असतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास दोन हेक्टरांच्या मर्यादेत जिरायत पिकांसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये ठरवण्यात आले होते. राज्य शासनाने वेळोवेळी हे दर किंवा ही मर्यादा वाढवलेली आहे.

मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक संयुक्त पाहणी करून गटनिहाय बाधित क्षेत्र नोंदवतात. तहसील कार्यालयात याद्या संकलित होतात आणि जिल्हाधिकारी व विभागीय आयुक्तांमार्फत निधीची मागणी शासनाकडे जाते. मंजुरीनंतर यादी संगणक प्रणालीवर चढते, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि साधारणपणे आधार प्रमाणीकरणानंतर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. त्यामुळे वाटपातील मध्यस्थ गेला, ही मोठीच सुधारणा आहे. मात्र खात्यात पैसे अचूक पोहोचले म्हणून यादी खरी ठरत नाही. २०२५ मध्ये उघड झालेल्या जालना जिल्ह्यातील अनुदान प्रकरणात, मुख्यतः अंबड व घनसावंगी तालुक्यांत, जमीन नसलेल्यांची नावे घालणे, क्षेत्र वाढवून दाखवणे, एकाच व्यक्तीला दोनदा रक्कम देणे असे प्रकार चौकशीत पुढे आले आणि महसूल कर्मचारी निलंबित झाले. हा दोष बँकेत पैसे जाण्याआधीच, यादी तयार होताना शिरलेला होता.

म्हणूनच यादी लोकांसमोर येण्याला महत्त्व आहे. कोणाच्या शिवारात पाणी साचले होते आणि कोणाचे पीक उभे होते, हे गावाला कोणत्याही प्रणालीपेक्षा आधी आणि नेमके ठाऊक असते. मदतीच्या शासन निर्णयांत लाभार्थ्यांची यादी व मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची सूचना असते. परंतु निव्वळ नावे आणि विशिष्ट क्रमांक असलेल्या यादीवरून पडताळणी होत नाही. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र व रक्कम सोबत असेल तरच वगळला गेलेला शेतकरी हरकत घेऊ शकतो आणि खोटे नाव शेजाऱ्याच्या नजरेत येते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान कार्यक्रमांतील रकमा व लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताही प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधील वैयक्तिक माहिती न देण्याची सूट अधिक व्यापक केली असली, तरी व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे. आधार क्रमांक व बँक खाते झाकून बाकीचे रकाने खुले ठेवण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नाही.