थाळीफेक्याच्या पायाशी झाड कशाला?

ग्रीक शिल्पकार मायरनचा थाळीफेक्या आपण सगळ्यांनी फोटोत तरी पाहिलेला असतो. पुन्हा एकदा बघा. त्याच्या पायामागे झाडाचं खोड आहे. भर मैदानात, थाळी फिरवताना, पायाशी झाड! मूळ पुतळा इ.स.पू. ४५० च्या सुमाराचा, ब्राँझचा. तो आता उरलेला नाही. आपण पाहतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. खोडाची गरज खेळाडूला नाही, दगडाला आहे.

दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. संगमरवर जेवढा दाब सोसतो, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा ताण सोसतो. पुतळा ताठ उभा असेल तर घोट्यावर नुसता दाब येतो. तो कलला की घोट्याची एक बाजू दबते, दुसरी ताणली जाते, आणि भेग त्या ताणलेल्या बाजूला सुरू होते. त्यात पुतळा दुप्पट उंच केला तर वजन आठपट होतं, घोट्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. म्हणून इ.स.पू. ६०० च्या आसपासचे ग्रीक 'कूरोस', म्हणजे उभ्या तरुणांचे पुतळे, एनसीसीच्या पोरांसारखे ताठ: हात मांडीला, डावा पाय पुढे, तरी भार दोन्ही पायांवर सारखा. इ.स.पू. ४८० च्या सुमाराला अथेन्सच्या 'क्रिटिओसचा मुलगा' या पुतळ्यानं एका पायावर भार टाकला, पण तोही संगमरवरी. त्याची पावलं आज नाहीत.

(या पुतळ्यांवर सौंदर्याचं गणित म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'गोल्डन रेशो'ची वेटोळी काढलेले फोटो फिरत असतात. वेटोळं हवं तिथून सुरू केलं की कुठेतरी बसतंच. घोट्याचा हिशेब कुणी फॉरवर्ड करत नाही.)

ब्राँझ ताण झेलतं, पण भरीव ओतून चालत नाही. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आकसतो, आणि पोकळ्या नि तडे पडतात. प्रवरेकाठच्या दायमाबादचा हत्ती भरीव आहे, पण तो वीतभर उंचीचा. माणसाएवढ्या पुतळ्यासाठी ग्रीक ओतारी साच्याला आतून मेणाचा पातळ थर देत, पोटात मातीचा गाभा भरत आणि गाभा हलू नये म्हणून खिळे आरपार ठोकत. मग भट्टी. मेण वितळून गेलं की त्याच्या जागी ब्राँझ. हात, पाय, डोकं वेगवेगळं ओतून नंतर जोडायचं. १९७२ मध्ये इटलीत रियाचेच्या समुद्रात असे दोन योद्धे सापडले, तेव्हा त्यांच्या पोटात तो मातीचा गाभा अजून होता. एकाचे दात चांदीचे आहेत. दोघांच्याही पायाशी खोड नाही.

इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांनी मातीच निवडली. त्यांची देवळं लाकूड आणि कच्च्या विटांची, पुतळे भाजलेल्या मातीचे, आणि तेही थेट छपराच्या आढ्यावर. माती वाळताना नि भाजताना आकसते, म्हणून पुतळा आतून पोकळ. वेई गावचा अपोलो (इ.स.पू. ५०० च्या आसपास) पुरुषभर उंचीचा आहे आणि लांब टांग टाकत निघालाय. आधार त्यालाही लागलाच. फक्त तो दोन पायांच्या मधे उभा केलाय, आणि त्यावर वेलबुट्टी काढलीय.