‘म्हातारी माणसं हट्टीच’ हा गैरसमज

म्हातारपणी पडण्यापासून बचाव कसा करावा याच्या संशोधनात भाग घ्यायला ज्येष्ठ मंडळी ‘नाही’ म्हणाली की खान्देशातही ठरलेलं उत्तर ऐकू येतं: हट्टी आहेत, कळत नाही त्यांना. हे खरं नाही. नकारामागची कारणं देशोदेशी अभ्यासली गेली आहेत, आणि ती बरीचशी व्यवहारी निघतात.

पहिलं कारण म्हणजे ‘हे माझ्यासाठी नाहीच’. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उडदाचे पापड वाळत घालायला शिडी चढणारी आजी स्वतःला पडणाऱ्यांत धरेल कशाला? ‘माले काय व्हयनं?’ म्हणेल आणि पुढची रांग लावेल. शिवाय पडल्याचं सांगितलं की शेतात जाणं बंद, शिडी बंद, सुनेची नजर कायमची पाठीवर. ही भीती मला तरी रास्त वाटते.

उलट काहींची तब्येतच इतकी बिघडलेली असते की संशोधनातला व्यायामाचा वर्ग झेपत नाही. कुणाला आजारी जोडीदाराला सोडून निघता येत नाही. आणि चोपड्याच्या खेड्यातून जळगावला दर आठवड्याला एसटीने यायचं, तेही मे महिन्याच्या उन्हात? तरणाही टाळेल.

अंगठा दिला की अडकलो, हीही एक धास्ती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सहभागी कारण न देता कधीही बाहेर पडू शकतो, त्याचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. वाचता न येणाऱ्याची संमती त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 मृत्यू होतात, म्हणून हे संशोधन हवंच. पण वर्ग गावातल्या मारुतीच्या पारावर घेऊन बघा की.